वत्त आणि वस्तुसंग्रहालय : माणदेशाच्या संदर्भात एक विचार

वस्तुसंग्रहालय म्हटले की भव्य इमारत, काचेची कपाटे, गार हवेची यंत्रे आणि 'हात लावू नये' अशी पाटी एवढे चित्र सामान्यतः आपल्या डोळ्यांसमोर उभे राहते. संग्रहालय हे राजाचे, शासनाचे किंवा शहराचे. आपण घटकाभर पाहून परतणारे प्रेक्षक, अशी आपली समजूत असते. या समजुतीमुळे दोन हानी होतात. वस्तू टिकवणे हे खर्चिक यंत्रांचेच काम आहे असे मानून लहान गावे संग्रहाचा विचारच सोडून देतात. आणि ज्यांच्या जीवनाशी त्या वस्तूंचा संबंध आहे, ती माणसे त्यांच्या रक्षणातून बाहेर राहतात.

प्रस्तुत लेखात आम्ही दोन प्रश्नांचा विचार करणार आहोत. वीज, पाणी व साधनसामग्री यांचा कमीत कमी व्यय करून संग्रहालयाने वस्तू दीर्घकाळ कशा सांभाळाव्यात, हा पहिला प्रश्न. या कामात पाहावयास येणाऱ्याचा वाटा कोणता, हा दुसरा. हे दोन्ही प्रश्न आज जगभरच्या संग्रहालयांपुढे आहेत. आंतरराष्ट्रीय संग्रहालय परिषदेने २४ ऑगस्ट २०२२ रोजी प्राग येथे संग्रहालयाची नवी व्याख्या स्वीकारली. तीत टिकाऊपणा आणि लोकसमूहांचा सहभाग या दोन्ही गोष्टींना प्रथमच स्थान मिळाले. आमच्या मते हे दोन वेगळे प्रश्न नसून एकाच प्रश्नाच्या दोन बाजू आहेत, आणि त्यांची एकत्र मांडणी विनयपिटकात आढळते. तेथे तिला 'वत्त' असे नाव आहे.

१. आटपाडी आणि औंध

सांगली जिल्ह्याचा आटपाडी तालुका पर्जन्यछायेच्या पट्ट्यात येतो. माण नदीच्या या प्रदेशास माणदेश म्हणतात. दुष्काळ, मेंढरे, खिलार जनावरे आणि अलीकडच्या काळातील डाळिंबाच्या बागा ही त्याची ओळख. १९९३ पासून नागनाथअण्णा नायकवडी व डॉ. भारत पाटणकर यांच्या पुढाकाराने येथे पाणी परिषदा भरल्या आणि समन्यायी पाणीवाटपाची मागणी पुढे आली. भूमिहीनालाही पाण्याचा वाटा असावा, हे त्या मागणीचे वैशिष्ट्य होते. टेंभू योजनेतून या भागास मिळणारे कृष्णेचे पाणी कराडजवळ उचलून टप्प्याटप्प्याने वर चढवावे लागते. म्हणजे येथे पाणीही विजेवर येते. अशा तालुक्यात एखाद्या इमारतीने वर्षभर गार हवेसाठी वीज जाळणे हा केवळ हिशेबाचा प्रश्न राहत नाही. तो वाटपाचा, म्हणजेच न्यायाचा प्रश्न होतो.

स्वातंत्र्यापूर्वी आटपाडी औंध संस्थानात होती. संस्थानाचे अधिपती भवानराव ऊर्फ बाळासाहेब पंतप्रतिनिधी हे स्वतः चित्रकार होते. अजिंठ्याच्या लेण्यांवरील त्यांचे पुस्तक १९३२ साली प्रसिद्ध झाले. १९३८ साली त्यांनी औंध येथे, यमाईच्या डोंगराच्या उतारावर, श्री भवानी चित्रपदार्थसंग्रहालय उभारले. औंध आज सातारा जिल्ह्याच्या खटाव तालुक्यात आहे. राजा रविवर्म्याच्या चित्रांपासून हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराच्या माता व बालक या दगडी शिल्पापर्यंत अनेक वस्तू या संग्रहात आहेत. येथे आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते ती इमारतीची योजना. दालनांना दिवसाचा प्रकाश मिळावा, परंतु ऊन थेट चित्रांवर पडू नये, आणि हवा खेळती राहावी, असा विचार तीत केलेला आहे. गार हवेची यंत्रे दुर्मिळ असलेल्या काळात, डोंगरउताराचा वारा आणि वरून येणारा उजेड यांवर हे संग्रहालय उभे राहिले.

मात्र राजाचा संग्रह हा राजाच्या आवडीचा असतो. त्याच संस्थानातील आटपाडी गावच्या महारवाड्यात १९२१ साली शंकरराव खरात यांचा जन्म झाला. पुढे ते वकील झाले, त्यांनी काही काळ 'प्रबुद्ध भारत'चे संपादन केले, मराठवाडा विद्यापीठाचे कुलगुरुपद भूषविले आणि १९८४ च्या जळगाव येथील मराठी साहित्य संमेलनाचे ते अध्यक्ष झाले. २००१ साली त्यांचे निधन झाले. त्यांच्या १९८१ साली प्रसिद्ध झालेल्या आत्मचरित्राचे नाव 'तराळ-अंतराळ' असे आहे. तराळ म्हणजे गावकीची कामे पाळीने करणारा महार. त्याची घुंगराची काठी, खांद्यावरचे घोंगडे, भाकरीचे टोपले, सांगावा घेऊन तुडवलेल्या वाटा या गोष्टी साहित्यात आल्या. मात्र त्या काठीला आणि त्या घोंगड्याला कोणी कपाट दिले नाही. कारण त्या वस्तू कोणाच्या अभिमानाच्या नव्हत्या, आणि ज्यांच्या होत्या त्यांना त्या टाकून देण्यातच मुक्ती होती. ते योग्यच होते. तथापि ज्या गुलामगिरीतून समाज बाहेर पडला तिचा पुरावाच नष्ट झाला, तर ती कधी नव्हतीच असे म्हणणाऱ्यांचे काम सोपे होते.

या पुराव्याचा दुसरा भागही तितकाच मोलाचा आहे. १४ ऑक्टोबर १९५६ नंतरची छायाचित्रे, समता सैनिक दल व शेड्यूल्ड कास्ट्स फेडरेशन यांच्या पावत्या आणि पत्रके, 'जनता' व 'प्रबुद्ध भारत'चे अंक, जलशांच्या वह्या, पहिल्या विहाराच्या वर्गणीची यादी, असे साहित्य गावोगावी घरांतील पेट्यांत आणि माळ्यांवर पडून असते. वृत्तपत्राचा कागद लाकडाच्या भरड लगद्याचा असतो. त्यात आम्ल तयार होत जाते, उजेडाने तो पिवळा पडतो आणि शेवटी बोटांखाली चुरा होतो. एका पिढीने जपले आणि दुसरीने माळा झाडला, एवढ्यात तो इतिहास संपतो. म्हणून हा प्रश्न शहरातील मोठ्या संस्थांवर सोपवून चालणार नाही.

२. गार हवेचा दंडक आणि त्याची शिथिलता

वस्तूंना कशाने इजा होते, हे आधी पाहू. लाकूड, कागद, कातडे, लोकर, सूत हे पदार्थ हवेतील ओल शोषतात आणि परत सोडतात. ओल वाढली की ते फुगतात. कमी झाली की आकसतात. हे वारंवार व झपाट्याने घडले की भेगा पडतात, रंगाचे पोपडे सुटतात, पुस्तकांच्या पाठी तुटतात. हवेतील सापेक्ष आर्द्रता ६५ टक्क्यांच्या वर दीर्घकाळ राहिली तर बुरशीचे भय असते. प्रकाशाची हानी तर भरूनच येत नाही. म्हणून कागद, कापड व जलरंगाची चित्रे यांवर साधारण ५० लक्स आणि तैलचित्रांवर २०० लक्सपर्यंत उजेड असावा, असा संकेत आहे.

विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात युरोप-अमेरिकेतील मोठ्या संग्रहालयांनी २० ते २१ अंश सेल्सिअस तापमान आणि ५० टक्क्यांच्या आसपास आर्द्रता असा जवळजवळ एकच आकडा सर्वत्र मानला. हा आकडा त्यांच्या हवामानातून व त्यांच्या यंत्रांच्या शक्तीतून आला होता. तो चोवीस तास राखावयाचा तर यंत्रे अखंड चालवावी लागतात. पुढे हा दंडक सैल करण्यात आला. जगातील प्रमुख संग्रहालयांच्या संचालकांचा जो बिझो गट आहे, त्याने गेल्या दशकात पुरस्कारिलेल्या मार्गदर्शक नियमांनुसार ओल शोषणाऱ्या बहुतेक वस्तूंसाठी तापमान १६ ते २५ अंश व आर्द्रता ४० ते ६० टक्के चालते, मात्र एका दिवसात आर्द्रतेचा चढउतार १० टक्क्यांहून अधिक नसावा. वस्तुरक्षणाच्या आंतरराष्ट्रीय संस्थांनीही २०१४ साली स्थानिक हवामानाचा विचार करण्याची गरज मान्य केली.

यातील मर्म वाचकांनी लक्षात घ्यावे. आकड्यापेक्षा स्थैर्य महत्त्वाचे आहे. जी वस्तू शंभर वर्षे माणदेशाच्या कोरड्या हवेत राहिली, ती त्या हवेस सरावलेली असते. तिला एकाएकी गार दालनात नेऊन दिवसा यंत्र चालू व रात्री बंद केले, किंवा वीज गेल्याने ते आपोआप बंद पडले, तर रोज होणारा हा धक्का तिला अधिक घातक ठरतो. जाड भिंतींच्या, उंच छपराच्या, सावलीतल्या खोलीत हवा सावकाश बदलते. अशा खोलीतील साधे लाकडी कपाट आतील हवेचा बदल आणखी मंदावते. आपल्या जुन्या घरांतील धान्याची कोठी याच तत्त्वावर असे.

सर्वच वस्तू अशा रीतीने टिकतील असे मात्र नव्हे. छायाचित्रांच्या काचा व फिती, ध्वनिफिती, चित्रपटाच्या फिती यांना थंड व नियंत्रित जागा लागते. त्या एखाद्या सुसज्ज संस्थेकडे ठेवणे आणि गावात त्यांच्या प्रती ठेवणे हेच शहाणपणाचे आहे.

३. सेनासनवत्त : खिडकीची विद्या

विनयपिटकाच्या चुल्लवग्गात 'वत्तक्खन्धक' नावाचा विभाग आहे. वत्त म्हणजे विशिष्ट प्रसंगी पाळावयाचे कर्तव्य, रीत. त्या विभागात अशा चौदा वत्तांचे विवरण आहे. त्यांतील एक 'सेनासनवत्त', म्हणजे निवासस्थान व त्यातील शयनासनादी वस्तू यांची निगा. संग्रहालयाची कल्पना त्या काळी नव्हती, आणि विनय हा भिक्खूंच्या आचरणासाठी आहे, हे आम्ही विसरत नाही. परंतु अनेकांच्या मालकीच्या वस्तू, बदलत्या वस्तीच्या जागेत, यंत्रांवाचून कशा टिकवाव्यात या प्रश्नाचा इतका बारीक विचार अन्यत्र क्वचितच आढळतो.

तेथील सूचना अशा. विहार झाडावयाचा असेल तर प्रथम पात्र व चीवर बाहेर काढून एका बाजूस ठेवावे. मग अंथरुणे, गाद्या, उशा, मंच-पीठ क्रमाने काढावेत. काढताना दाराच्या चौकटीस घासू देऊ नये. अंथरलेली वस्तू मूळ कशी होती हे पाहून ठेवावे आणि परत तशीच ठेवावी. कोळिष्टके आधी वरून काढावीत. भुई कच्ची असेल तर पाणी शिंपडून मगच झाडावे, म्हणजे धूळ उडून विहार मळणार नाही. गाद्या-सतरंज्या उन्हात वाळवाव्यात, झटकाव्यात व आत आणाव्यात. वाऱ्याने धूळ ज्या दिशेने येईल, त्या दिशेच्या खिडक्या बंद कराव्यात. थंडीच्या दिवसांत खिडक्या दिवसा उघडाव्यात व रात्री लावाव्यात. उन्हाळ्यात त्या दिवसा लावाव्यात व रात्री उघडाव्यात.

शेवटची सूचना तर आजच्या वास्तुशास्त्राच्या पुस्तकात शोभावी अशी आहे. माणदेशात उन्हाळ्याची रात्र दिवसाच्या मानाने बरीच थंड असते. रात्रीची गार हवा आत घेऊन भिंती थंड करावयाच्या आणि सकाळी दारे-खिडक्या लावून तो गारवा आत राखावयाचा, या उपायास वीज लागत नाही. लागतो तो सकाळ-संध्याकाळ खिडकीपाशी जाणारा माणूस. आज तशा दालनात एक साधा उष्णता-आर्द्रतामापक ठेवून दोन्ही वेळची नोंद वहीत करावी, म्हणजे खिडकी केव्हा उघडणे हितकर याचा अंदाज वर्षभरात पक्का होतो. पावसाळी दमट दिवशी हा नियम शिथिल करावा लागेल, हेही ती वहीच सांगेल. खिडकीस बारीक जाळी व जाड सुती पडदा असला की कीटक, धूळ व ऊन यांचा बंदोबस्त होतो. अंधाऱ्या कोपऱ्यास उजेड हवा असेल तर कमी उष्णता देणारे एलईडी दिवे, तेही पाहणारा समोर असतानाच लावावेत.

४. आगंतुक, आवासिक, गमिक

वत्तांपैकी पहिली तीन आमच्या विषयाच्या दृष्टीने अधिक महत्त्वाची आहेत. 'आगंतुकवत्त' येणाऱ्याचे, 'आवासिकवत्त' राहणाऱ्याचे आणि 'गमिकवत्त' जाणाऱ्याचे. एकाच विहाराशी माणसाचे हे तीन संबंध, आणि तिन्ही संबंधांत त्याला कर्तव्य आहे. केवळ पाहून जाणारा असा चौथा वर्ग तेथे नाही.

येणाऱ्याने वहाणा काढून झटकाव्यात, छत्री मिटावी, सावकाश प्रवेश करावा, पिण्याचे पाणी कोणते व वापरावयाचे कोणते हे विचारून घ्यावे. दिलेली जागा अस्वच्छ असेल आणि शक्य असेल तर ती स्वच्छ करावी. राहणाऱ्याने आलेल्यास आसन द्यावे, पाणी द्यावे, जागा दाखवावी आणि संघाने ठरविलेले नियम समजावून सांगावेत. जाणाऱ्याने लाकडी व मातीची भांडी जागच्या जागी ठेवावीत, दारे-खिडक्या लावाव्यात आणि निवासस्थान कोणाच्या तरी स्वाधीन करून निघावे. भिक्खू नसेल तर सामणेराच्या, तोही नसेल तर आरामिकाच्या किंवा उपासकाच्या. छप्पर गळत असेल तर शक्ती असल्यास ते शाकारावे, नसल्यास ते शाकारले जाईल अशी खटपट तरी करावी.

आता संग्रहालयाकडे पाहा. येणारा प्रेक्षक पायांबरोबर धूळ आणतो, श्वासाबरोबर ओल आणतो. शंभर मुलांची सहल एका लहान दालनात एकदम शिरली तर आर्द्रतामापकाचा काटा हलतो. म्हणजे प्रेक्षक वस्तूच्या परिस्थितीचा भाग असतोच. प्रश्न एवढाच की तो अजाणता असतो की जाणता. त्याला तो काटा दाखवून, वीस-वीसच्या तुकड्या का केल्या हे सांगितले, तर 'गर्दी करू नये' या पाटीची गरज उरत नाही. त्या दिवसाची नोंद एखाद्या विद्यार्थ्याच्या हस्ताक्षरात वहीत चढली, तर तो विद्यार्थी आगंतुक म्हणून आला आणि आवासिक होऊन गेला असे म्हणता येईल. जाताना त्याने आपल्या आजीच्या पेटीतील एका छायाचित्राची माहिती लिहून दिली, तर गमिकवत्तही पूर्ण झाले.

आणखी एक बाजू आहे. संग्रहालयाच्या एकूण इंधनखर्चात पाहणाऱ्यांच्या प्रवासाचा वाटा अनेकदा फार मोठा असतो. जिल्ह्याच्या गावी एक प्रचंड संग्रहालय बांधून शेकडो गाड्या तिकडे नेण्यापेक्षा, तालुक्यास एक लहान दालन आणि शाळांकडे जाणारी एक पेटी अधिक काटकसरीची. मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाने २०१५ साली बसमध्ये मांडलेले फिरते संग्रहालय सुरू केले. एक बस गावात जाते, तेव्हा त्या गावाच्या अनेक बसफेऱ्या वाचतात.

५. 'आम्ही पुन्हा झाडू का हाती घ्यावा?'

येथे आमचा वाचक एक आक्षेप घेईल, आणि तो घेण्याचा त्याला पूर्ण अधिकार आहे. पिढ्यान् पिढ्या ज्यांच्याकडून गाव झाडून घेतले, त्यांनाच आता संग्रहालय झाडण्यास सांगता काय? इतरांना वातानुकूलित भवने आणि आमच्या वाट्याला खिडक्या?

या आक्षेपास उत्तर देताना गावकी आणि वत्त यांतील भेद स्पष्ट केला पाहिजे. तराळाचे काम जन्माने ठरत असे, त्यास नकार देता येत नसे आणि त्याच्या श्रमाने राखलेल्या जागेत त्यालाच प्रवेश नसे. वत्त जन्माने ठरत नाही. संघात ज्येष्ठता ठरते ती उपसंपदेच्या वर्षांवरून. शाक्य कुमारांनी आपल्या आधी उपाली नापिताला प्रव्रज्या द्यावी अशी विनंती केली, ती आपला कुलाभिमान मोडावा म्हणूनच, हे चुल्लवग्गातच सांगितले आहे. शिष्याने आचार्याची सेवा करावी असे वत्त आहे, तसेच शिष्य आजारी पडला तर आचार्याने त्याचे तोंड धुण्याचे पाणी द्यावे, त्याची खोली झाडावी, असेही वत्त आहे. विहारांत आरामिक हे सेवक असत ही गोष्ट आम्ही लपवीत नाही. पण त्यांच्या असण्याने भिक्खूचे वत्त सुटत नसे. श्रमात हीनता नाही, लादलेल्या श्रमात ती आहे. म्हणून संग्रहालयाच्या कामाची पाळी ठरवावयाची तर तीत प्राध्यापक, सरपंच, अधिकारी, स्त्री-पुरुष, सर्व वस्त्या यांची नावे एकाच यादीत असली पाहिजेत. तसे नसेल तर ती गावकीच होईल, आणि तिला आमचा विरोध राहील.

भव्य स्मारकांना आमचा विरोध नाही. परंतु स्मारकाचे उद्घाटन एका दिवसाचे असते आणि वस्तूचे रक्षण रोजचे. नागपूरजवळ चिचोली येथील शांतिवनात, वामनराव गोडबोले यांच्या प्रयत्नांनी, बाबासाहेबांच्या वापरातील कपडे, टंकलेखन यंत्र व इतर वस्तू आल्या. बाबासाहेबांचा कोटही शेवटी लोकरच असतो. कसरीला श्रद्धा कळत नाही. त्या कोटाला इमारतीच्या उंचीपेक्षा दर पंधरवड्यास तो तपासणाऱ्या जाणत्या डोळ्यांची गरज अधिक.

६. आनंदाची चीवरे आणि फ्लेक्सचे फलक

साधनांच्या वापराविषयी चुल्लवग्गातील एक कथा उद्बोधक आहे. प्रथम संगीतीनंतर भदन्त आनंद कोसंबीस गेले असता उदेन राजाच्या राण्यांनी त्यांना पाचशे उत्तरासंग दान दिले. एवढ्या वस्त्रांचे हे काय करणार, असा राजाला संशय आला. तेव्हा आनंदांनी क्रमाने उत्तरे दिली. ज्यांची चीवरे जीर्ण झाली त्यांना ती वाटू. जीर्ण चीवरांचे पलंगपोस करू. जुन्या पलंगपोसांचे गादीचे अभ्रे, जुन्या अभ्र्यांची बिछायत, जुन्या बिछायतीची पायपुसणी, जुन्या पायपुसण्यांची धूळ झटकण्याची फडकी, आणि फडकी फाटली की तुकडे चिखलात मळून त्याने भुई सारवू. राजा संतुष्ट झाला व त्याने आणखी पाचशे वस्त्रे दिली.

आपली प्रदर्शने या कसोटीवर कशी उतरतात? जयंतीला किंवा धम्मचक्र प्रवर्तनदिनी फ्लेक्सचे फलक लागतात आणि आठवड्यात ते उकिरड्यावर जातात. त्या प्लास्टिकचे पुढे सारवण होत नाही. संग्रहालयाचे फलक सुती कापडावर किंवा लाकडी पाटीवर रंगवून घेतले, तर मजकूर बदलून तीच पाटी वर्षानुवर्षे चालते. मांडणीची कपाटे सुटी होणारी करावीत, म्हणजे एका प्रदर्शनाची फळी दुसऱ्यात लागते.

कागदपत्रांबाबत काही गोष्टी मात्र निक्षून सांगावयास हव्यात. जुन्या कागदास चिकटपट्टी लावू नये, त्याचे लॅमिनेशन करू नये. या दोन्ही गोष्टी परत काढता येत नाहीत. पीव्हीसीच्या पिशव्यांतून कालांतराने आम्ल सुटते, म्हणून त्या टाळाव्यात. आम्लरहित कागदाच्या लिफाफ्यात, सपाट, अंधारात व भुईपासून उंच ठेवावे. वाळवीची वाट भिंतीतून येते, म्हणून कपाट भिंतीपासून हातभर दूर असावे आणि त्याखाली झाडता यावे. नवा आलेला प्रत्येक गठ्ठा आत नेण्यापूर्वी काही दिवस वेगळा ठेवून कसर आहे का हे तपासावे. यांतील एकाही उपायास मोठा खर्च नाही.

७. आगत आणि अनागत

तरीही काही खर्च येतोच. प्राचीन विहारांनी तो कसा भागवला, याची साक्ष महाराष्ट्राच्या लेण्यांत कोरलेली आहे. नाशिकच्या १० क्रमांकाच्या लेण्यातील उषवदाताच्या लेखात ३००० कार्षापणांच्या अक्षयनीवीची नोंद आहे. मुद्दल खर्चावयाचे नाही, केवळ व्याज वापरावयाचे, ही अक्षयनीवी. त्यांपैकी २००० कार्षापण विणकरांच्या एका श्रेणीकडे दरमहा शेकडा एक व्याजाने आणि १००० दुसऱ्या श्रेणीकडे शेकडा पाऊण व्याजाने ठेवले. पहिल्या रकमेच्या वार्षिक २४० कार्षापण व्याजातून वीस भिक्खूंना वस्त्रासाठी प्रत्येकी बारा कार्षापण मिळत. हा हिशेब दगडावर, सर्वांना वाचता येईल असा कोरला. आपल्या भागात कराडजवळ आगाशिवच्या डोंगरात साठांहून अधिक लेणी आहेत. तेथील कातळात खोदलेल्या टाक्या पावसाचे पाणी डोंगरातच साठवीत. निधी आणि पाणी या दोहोंबाबत दृष्टी एकच : मूळ साठा राखून त्यावर निर्वाह करणे.

हे दान कोणास होते? लेखांत ते 'चातुद्दिस' म्हणजे चारी दिशांच्या संघास दिलेले असते, आणि पाली ग्रंथांत त्या संघास 'आगतानागत' हे विशेषण आहे. आलेले आणि अद्याप न आलेले, अशा सर्वांचा संघ. विहार, भूमी, मंच-पीठ यांसारख्या वस्तू व्यक्तीस तर नाहीच, पण जमलेल्या संघासही वाटून टाकता येत नाहीत; कारण न आलेल्यांची संमती कोणी घेतलेली नसते. संग्रहालयाच्या मालकीची याहून नेमकी व्याख्या आम्हांस सापडलेली नाही. वीज-पाणी जपून वापरण्याचे कारणही यातच आहे. जे अनागत आहेत त्यांच्या वाट्याचे पाणी पिऊन त्यांच्यासाठी वस्तू राखणे हा विसंवाद होय.

८. आटपाडीत काय करता येईल

आटपाडी परिसरात लोकस्मृतीचे असे दालन उभारावयाचे झाल्यास नव्या इमारतीपासून आरंभ करण्याचे कारण नाही. विहाराची एक जाड भिंतींची, उत्तरेकडे खिडकी असलेली खोली पुरेशी आहे. प्रथम वस्तू गोळा करू नयेत, यादी करावी. कोणत्या घरी काय आहे, कोणी वापरले, त्यामागची हकीकत काय, हे वृद्धांच्या तोंडून लिहून घ्यावे. ज्यांना वस्तू घरीच ठेवावयाची आहे त्यांना ती कशी सांभाळावी हे शिकवावे. त्यांचे घर हेही त्या संग्रहालयाचे एक दालनच होय.

कालक्रम आपल्या परंपरेत तयार आहे. आषाढ पौर्णिमेपासून आश्विन पौर्णिमेपर्यंत आपल्या विहारांत 'बुद्ध आणि त्यांचा धम्म' या ग्रंथाचे वाचन होते. नेमके हेच महिने ओल, गळती व बुरशीचे. वाचनास जमणाऱ्या उपासक-उपासिकांनी आठवड्यातून एकदा कपाटे पाहावीत, आर्द्रतेची वही वाचावी. वर्षावासाच्या अखेरीस पवारणा असते. त्या दिवशी भिक्खू आपल्या ठायी काही दोष पाहिला, ऐकला किंवा शंकिला असल्यास सांगावा अशी संघास विनंती करतो. संग्रहालयानेही त्या दिवशी कपाटे सर्वांसमोर उघडावीत, यादीशी वस्तू ताडून पाहाव्यात, विजेचा व पैशाचा हिशेब भिंतीवर लिहावा आणि पाहणाऱ्यांना दोष दाखविण्याची विनंती करावी. अमुक वस्तूची हकीकत चुकीची लिहिली आहे, असे एखादी वृद्ध उपासिका म्हणाली, तर तिचे म्हणणे तिच्या नावानिशी पाटीवर चढवावे.

तराळाची काठी अशा दालनात असेल, तेव्हा तिच्या बाजूच्या खिडकीचे दार रोज सकाळी कोणी ना कोणी लावील. आज पाळी कोणाची, हे भिंतीवरच्या यादीत लिहिलेले असेल, आणि त्या यादीत गावातील कोणतेही आडनाव वर्ज्य नसेल.